निकोबारचं कबूतर, मेलेला डोडो आणि आपला चोर्ल्याचा सडा

सुभेदार_जांबोटी | रविवार, रात्री ९:१२

रामराम मंडळी.

पेपरात अंदमान-निकोबारातल्या ग्रेट निकोबार बेटावर होणाऱ्या बंदराची बातमी आली की आमच्या बेळगावकडच्या जांबोटीच्या चहाच्या गाड्यावर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते देशासाठी बंदर पाहिजेच, दुसरी म्हणते झाडं वाचवा. त्या बाकड्यावर तिथं राहून आलेला मी एकटाच, म्हणून दोन्हीकडून मलाच ओढतात. तिथं बोलून होत नाही, चहा संपतो. म्हणून इथं लिहितो.

मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी झाली. शेवटच्या वर्षांत काही काळ अंदमान-निकोबारला होतो, त्यातले थोडे महिने ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बेला. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम म्हणतात) बोटीनं जायला दोन-तीन दिवस. त्सुनामी होऊन काही वर्षं झाली होती, तरी किनाऱ्याला मेलेल्या माडांची खोडं तशीच उभी. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा होता. २००४च्या भूकंपात ती जमीनच सव्वाचार मीटरच्या आसपास खाली गेली. गावात १९६९पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवलेली, पंजाबी, तमिळ, मल्याळी आणि आपले मराठीसुद्धा. एका म्हाताऱ्या आजोबांनी "कुठलं गाव?" म्हणून विचारलं तेव्हा गलबलून आलं होतं.

तर मुद्दा कबूतराचा. गस्तीवर असताना जंगलात खाली जमिनीवर एक पाखरू चरताना दिसलं. कोंबडीएवढं, अंगावर तांब्याचा नि मोरपिशी रंग, मानेवर लांब लोंबणारी पिसं, शेपटी आखूड आणि पांढरीधोट. आम्ही चार माणसं बूट वाजवत गेलो तरी ते आपलं निवांत. अगदी जवळ गेल्यावर फडफडून उडालं. सोबतचा वनखात्याचा माणूस म्हणाला, "साब, ये डोडो का भाई है." मला वाटलं चेष्टा करतोय. घरी आल्यावर पोरानं शोधून दाखवलं. २००२ साली डोडोच्या जुन्या अवशेषातला डीएनए तपासला, तेव्हा आज जिवंत असलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला तो हाच, निकोबारी कबूतर.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते. दोघं एका खानदानातले. एक कुठल्या तरी काळी उडत मॉरिशसला पोचला. तिथं मांजर नाही, मुंगूस नाही, माणूस नाही. पंख पोसायला खर्च लागतो, छातीचं मांस लागतं, ते कशाला पोसायचं? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखडत गेले, अंग वाढत गेलं. दुसरा भाऊ या बेटावरून त्या बेटावर उडत राहिला, रात्री उंदीर नसलेल्या लहान बेटांवर मुक्कामाला जात राहिला. तो आज आहे. पहिला नाही.

आता बंदराचं. ९१० चौरस किलोमीटरच्या बेटावर प्रकल्पाला १६६ चौरस किलोमीटर जागा, त्यात १३० जंगल. तुटणाऱ्या झाडांचा सरकारी अंदाज साडेनऊ लाखांच्या वर. आणि त्याच्या बदल्यात झाडं लावायची हरियाणात! मी हिसारला पण होतो, मंडळी. हरियाणात झाड लागलं तर आनंदच आहे. खरं निकोबारचं कबूतर काय रेल्वेनं हिसारला जाणार काय?

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या भीमगडाच्या जंगलाला, चोर्ल्याच्या घाटाला हे लागू होतं का? जाणकारांनी सांगावं.

---

कुंदाप्रेमी | रविवार, रात्री ९:४०

सुभेदारकाका, मस्त लिहिलंय. खरं मला हरियाणाचं कोडं कळलं नाही. झाड म्हणजे झाड की. कार्बन तिकडं शोषला काय नि इकडं शोषला काय.

---

मास्तरीण_निपाणी | रविवार, रात्री १०:२५

@कुंदाप्रेमी, कार्बनपुरतं बोलायचं तर तुमचं अर्धं बरोबर आहे. पण सुभेदारसाहेब कार्बनबद्दल बोलतच नाहीयेत. ते पत्त्याबद्दल बोलतायत.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं वर्गासारखं होईल, सांभाळून घ्या.

बेटावर उत्क्रांती नवं काही जादूनं करत नाही. पोचतात मोजकेच जीव. उडता येणारे, ओंडक्यावर तरंगणारे, पाखराच्या पायाला चिकटून येणारे. वाघ येत नाही, हत्ती क्वचित येतो. मग रिकाम्या जागा जो आला तो भरतो. मोठ्याचं लहान होतं, लहानाचं मोठं. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर २००३ साली जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या माणसाची हाडं सापडली, आणि त्याच बेटावर बुटक्या हत्तीसारख्या प्राण्याचीसुद्धा. आणि पंख जाणं ही तर बेटावरच्या पाखरांची जुनी खोड आहे. हिंदी महासागरातल्या अल्दाब्रा नावाच्या बेटावर एक पाणकोंबडीसारखा पक्षी मादागास्करहून उडत आला आणि त्याचं उडणं सुटलं. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला, अख्खं बेट बुडालं, सगळे मेले. पाणी उतरल्यावर मादागास्करहून तेच पाखरू परत आलं आणि परत उडणं विसरलं! दोन्ही वेळची हाडं सापडली आहेत.

वर्गात हे सांगितलं की एखादं पोरगं हमखास विचारतं, "मग मॅडम, डोडोपण परत होईल?" नाही. अल्दाब्राला परत यायला मादागास्करला मूळ पाखरू शिल्लक होतं. डोडोच्या बाबतीत मागे जे शिल्लक आहे ते म्हणजे सुभेदारसाहेबांनी पाहिलेलं कबूतर, आणि तेही फार फार दूरचं भावंड.

डोडोला माणसानं खाऊन संपवलं असं पुस्तकांत असायचं. डच १५९८ साली उतरले, १६६२ नंतर डोडोची भरवशाची नोंद नाही. पासष्ट वर्षांत खेळ संपला. पण खाण्यापेक्षा जास्त घात केला तो जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. डोडो जमिनीवर घरटं करायचा. पळायचं कशाला असतं हेच त्याला माहीत नव्हतं.

आणि गंमत बघा. मॉरिशसला जाऊन घरटी लुटणारं माकड कोणतं? लांब शेपटीचं, खेकडे खाणारं. त्याच जातीचं माकड ग्रेट निकोबारचं मूळचं रहिवासी आहे, आणि त्याची निकोबारी उपजात जगात फक्त तीन बेटांवर आहे. एका बेटावर गुन्हेगार, दुसऱ्या बेटावर संरक्षित. जनावर तेच, पत्ता वेगळा.

---

सदाशिवपेठी | रविवार, रात्री १०:५१

धागा सुंदर. एक शंका. सुभेदारसाहेब आणि कुंदाप्रेमी दोघेही वाक्याच्या सुरुवातीला "खरं" लिहितात. पुढे काहीतरी सत्य येणार म्हणून मी वाट बघतो आणि येतं भलतंच.

---

टिळकवाडी_जुना | रविवार, रात्री ११:०५

😄 पावणं, बेळगावात "खरं" म्हणजे "पण". "जाणार होतो, खरं पाऊस आला." कोल्हापुरातपण चालतं. आमच्याकडं पोरगं "काय करूलाईस" म्हणतं, घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही मिसळून आणि मोबाइलवर हिंदी. तुम्ही पुण्याचे लोक याला अशुद्ध म्हणणार. मी म्हणतो हे आमचं बेट. मूळ भूमीपासून तुटलं, आपल्या वाटेनं वाढलं. काका, तुमच्या कबुतरासारखंच!

---

मास्तरीण_निपाणी | रविवार, रात्री ११:२०

टिळकवाडीकर, उपमा गोड आहे, पण उलटी आहे. बेट म्हणजे येणं-जाणं बंद. बेळगावात कधी बंद होतं? आपली बोली अशी झाली ती तुटल्यामुळे नव्हे, शेजाऱ्याला चिकटल्यामुळे. बेटापेक्षा ती खाडीच्या तोंडासारखी आहे, गोडं नि खारं पाणी मिसळतं तशी.

---

टिळकवाडी_जुना | रविवार, रात्री ११:२८

मान्य. खरं मिसळलेल्या पाण्याला दोन्ही बाजूचे लोक आपलं म्हणत नाहीत त्याचं काय? १९५६पासून…

---

संचालक | रविवार, रात्री ११:३१

टिळकवाडीकर, सीमाप्रश्नाचे आधीच बरेच धागे चालू आहेत. हा पाखरांचा राहू द्या. पुढच्या तीन प्रतिक्रिया उडवल्या आहेत.

---

माल_वाहतूक | सोमवार, सकाळी ८:१०

मी शिपिंगमध्ये आहे, मूळचा चिकोडीचा. इथं सगळे एका सुरात रडतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

भारताचा कंटेनर मोठ्या जहाजात चढतो कुठे? बराचसा कोलंबोला, सिंगापूरला. आपल्याच मालाचं भाडं दुसऱ्याच्या बंदराला. ग्रेट निकोबार मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडावर आहे, जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या जहाजमार्गाजवळ. गलाथिया खाडीला नैसर्गिक खोली आहे. एवढी जागा देवानं दिलेली असताना पाखरांसाठी सोडून द्यायची? चीन सोडेल?

आणि त्या बेटावरच्या जंगलातल्या शोंपेन आदिवासींचं. २०११च्या जनगणनेत २२९ माणसं. त्यांना किती दिवस अश्मयुगात ठेवायचं? उत्क्रांतीच्याच भाषेत बोलायचं तर जे पुढे गेले ते गेले, हे मागे राहिले. त्यांना पुढे आणणं हे उपकारच आहेत.

---

मास्तरीण_निपाणी | सोमवार, सकाळी ८:४४

भाड्याबद्दल सुभेदारसाहेब बोलतील. मला फक्त शेवटच्या चार ओळींबद्दल बोलायचंय आणि जरा रागानं बोलते.

उत्क्रांतीत "मागे राहिलेला" असं कोणी नसतं. तुम्ही, मी, शोंपेन आणि तुमच्या घरातलं झुरळ, सगळे आरंभापासून आजपर्यंत तेवढीच वर्षं चालून आलोय. शोंपेन माणूस आपल्याइतकाच आजचा आहे. त्याला शेकडो वनस्पती कळतात, मला बाजारातल्या पाच भाज्यांपलीकडे कळत नाहीत. आणि उत्क्रांतीचा खरा धडा लावायचाच असेल तर तो रोगांचा आहे. वेगळ्या राहिलेल्या लोकांना बाहेरच्या साध्या गोवरानं, सर्दी-तापानं उद्ध्वस्त केल्याची उदाहरणं अंदमानातच आहेत. ब्रिटिश आले तेव्हाचे ग्रेट अंदमानी हजारोंनी होते, आज मोजकी माणसं उरलीत. हा उपकार एकदा करून झालाय.

---

सुभेदार_जांबोटी | सोमवार, दुपारी १:३०

रानातून आत्ता आलो, रोहिणीची भुरभुर झाली, उशीर झाला.

माल_वाहतूक, तुमचं जागेबद्दलचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी फौजी माणूस. मलाक्काच्या तोंडावर आपलं ठाणं पाहिजेच. आणि ते आहे. नौदलाचा आयएनएस बाज तळ २०१२पासून कॅम्पबेल बेला आहे. धावपट्टी लांबवा, रडार लावा, मी टाळ्या वाजवीन. माझा प्रश्न त्या ठाण्याच्या नावाखाली जी टाउनशिप येणार तिचा आहे. ठाण्याला माणसं लागतात मोजकी आणि शिस्तीची. लाखोंनी वस्ती आली की सोबत काय येतं ते मी बघितलंय.

अंदमानात ब्रिटिशांनी शिकारीच्या शौकाला चितळ आणून सोडलं. खाणारं जनावर तिथं नाही. आता चितळ उगवणारी रोपं खातंय, जंगल म्हातारं होतंय नि खाली नवी पिढी नाही. इंटरव्ह्यू बेटावर लाकडाच्या एका कंपनीनं १९६२ला गाशा गुंडाळताना हत्ती तिथंच सोडून दिले. पाळीव हत्ती रानटी झाले, त्यांची पिल्लं झाली, त्यांनी झाडांच्या साली सोलून सोलून जंगलाचा रंगच बदलला. आफ्रिकेची मोठी गोगलगाय कुठल्याही बागेत बघा. आणि यातला कोणी वाईट हेतूनं आणला नव्हता, हे लक्षात घ्या.

दुसरं म्हणजे गलाथियाची खोली. ती खाडी कासवांनीपण निवडलीय. लेदरबॅक, जगातलं सगळ्यात मोठं कासव. अंदमान-निकोबारात अंडी घालून गेलेल्या माद्यांना खुणा लावून सोडलं तर एक ऑस्ट्रेलियाकडं गेली, एक आफ्रिकेकडं. एवढा समुद्र फिरतात आणि अंड्याला वाळू पाहिजे ती हीच. तिथलं अभयारण्य २०२१ला कागदावरून काढून टाकलं.

आणि मेगापोड! हे मला सांगायचंच राहिलं. कोंबडीसारखं पाखरू, ते अंडी उबवत बसत नाही. वाळू, पाला, काटक्या उकरून एवढा मोठा ढीग घालतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी म्हटलं, इथं शेणखताचा उकिरडा कोणी घातला? आपल्या उकिरड्यात हात घातला तर कसा गरम लागतो, तीच युक्ती. पाला कुजतो, ऊब होते, अंडी आत. आई-बाप लक्ष ठेवतात ते ढिगावर. पिल्लू आतनं उकरून बाहेर येतं ते पिसांसकट, कोणी चारा भरवायची गरज नाही, थेट जंगलात. आता हा ढीग कुठं लागतो? किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीत. त्सुनामीनं तीच पट्टी धुऊन नेली. जी राहिली तिथंच बंदर. म्हणतात पाखरांना दुसरीकडं जागा देऊ. उकिरडा हलवून बघा एकदा, मग ऊब किती राहते ते सांगा.

---

माल_वाहतूक | सोमवार, दुपारी २:०२

काका, उकिरड्याचं उदाहरण घेऊन तुम्ही वाद जिंकता हे बरोबर नाही 😄. ठाणं आणि शहर वेगळं करायची गोष्ट पटली. पण फक्त ठाण्यावर बंदराचा खर्च निघत नाही, हे लक्षात घ्या. पैसे कुठून येणार हा प्रश्न उरतोच.

आणि शोंपेनबद्दलचं वाक्य मागे घेतो. मॅडम, रागावू नका.

---

चोर्ला_घाट | सोमवार, सायंकाळी ७:१५

काकांचा शेवटचा प्रश्न सगळेच विसरले. भीमगडाला, चोर्ल्याला हे लागू होतं का?

माझं म्हणणं असं की आपण बेटावरच राहतो, फक्त समुद्र दिसत नाही. ज्या जीवाला जे ओलांडता येत नाही, ते त्याचं पाणी. धनेशाला कणकुंबी ते आंबोली म्हणजे अंगण. आणि देवगांडुळाला?

देवगांडूळ बऱ्याच जणांना माहीत नसेल. दिसायला मोठं गांडूळ, अंगावर कडी, डोळे असून नसल्यासारखे, पण आहे ते बेडकाचं नातलग. दात आहेत, पाठीचा कणा आहे. आयुष्य ओल्या मातीत. २००७ साली चोर्ला गावातून, आपल्या खानापूर तालुक्यातून, एक नवी जात नोंदवली गेली आणि तिला म्हादईचं नाव दिलं. आता या जीवाला डोंगर उतरून कोरड्या बाजूला, बैलहोंगलाकडं जाता येत नाही. उन्हात दहा मिनिटांत सुकेल. म्हणजे बेळगावच्या पूर्वेची काळी जमीन त्याच्यासाठी अरबी समुद्राइतकीच रुंद. इतकंच काय, डांबरी रस्ता ही त्याला नदी आहे.

सड्यांचं तेच. वरनं बघाल तर जंगलाच्या हिरव्या समुद्रात कातळाची काळी बेटं. माती दोन बोटं. उन्हाळ्यात तवा, पावसात तळं. नत्र जवळजवळ नाही, म्हणून सीतेची आसवं ही निळी इवली फुलं पाण्यातले सूक्ष्म किडे पकडून खातात. एवढुशी नाजूक फुलं आणि मांसाहारी! एका सड्यावरचं गवत पलीकडच्या सड्यावर असेलच असं नाही. सरकारी कागदात मात्र सड्याला काय म्हणतात? पडीक. पडीक जमिनीवर कोणी पवनचक्की लावतो, कोणी चिरा काढतो, कोणी हौसेनं आकाशियाची परकी झाडं लावून "वनीकरण" करतो. मला तर खाणीपेक्षा त्या आकाशियाचा जास्त राग येतो, कारण ते हार घालून, फोटो काढून लावतात.

भीमगडाच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ तर जगप्रसिद्ध आहे. १९१३ साली त्याचं नामकरण झालं आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं ते पृथ्वीवर फक्त आपल्या तळेवाडीजवळच्या गुहेत माहीत होतं.

आता सगळ्यात नाजूक विषय, कळसा-बंडुरी, म्हणजे म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायची योजना. संचालक, पाण्याचं राजकारण करत नाही, घाबरू नका. कणकुंबीला माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला वाहत कुडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालचा उपसागर. म्हादई तिथून जवळच्याच डोंगरात उगम पावून पश्चिमेला, गोव्यात. २०१८ला म्हादई लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. भांडण सगळं टीएमसीचं. हुबळी-धारवाडला प्यायला पाणी पाहिजे, ते खोटं नाही, उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतो तिथं. पण एका गोष्टीचा हिशेब कुठल्याच बाजूनं मांडलेला मी वाचला नाही. मासे. मधला डोंगर ही त्यांची भिंत आहे. पश्चिमेच्या उतारावरच्या ओढ्यातले मासे आणि पूर्वेचे मासे लाखो वर्षं एकमेकांना भेटलेले नाहीत. कळशाचा कालवा मलप्रभेत सोडला की पाण्याबरोबर अंडी जाणार, पिल्लं जाणार, रोगही जाणार. ज्याला आपण पाइप म्हणतो तो त्यांच्यासाठी पहिलं जहाज आहे. डचांचं.

---

नंदगडची_पोर | सोमवार, सायंकाळी ७:५०

शेवटची ओळ वाचून काटा आला.

---

मास्तरीण_निपाणी | सोमवार, रात्री ९:०५

चोर्ला_घाट, तुमचं लिखाण मी वर्गात वाचून दाखवणार आहे. एक दुरुस्ती मात्र. ते वटवाघूळ पुढे मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. म्हणजे "फक्त आमचं" ही गोष्ट टिकली नाही. मला तर हे जास्त सुरस वाटतं. खानापूर, मग एकदम मेघालय, मग कंबोडिया, मधे काहीच नाही? एक तर मधल्या गुहा कोणी नीट बघितल्या नाहीत, किंवा कधी काळी सलग असलेली साखळी तुटून तीन मणी उरले. आपली गुहा वाचवायला ती जगात एकमेव असायलाच पाहिजे, असं नाही.

---

चोर्ला_घाट | सोमवार, रात्री ९:१८

मान्य. जुनी माहिती डोक्यात बसली होती. आमच्या गाइड पोरांनापण सांगतो, ते अजून पर्यटकांना "ओन्ली वन इन द वर्ल्ड" म्हणून सांगतात.

---

पोर्टलुई_मुक्काम | मंगळवार, सकाळी ६:४०

नमस्कार, मी बेळगाव शहापूरचा, सध्या मॉरिशसला हॉटेलात नोकरी. डोडोच्या गावात राहून गप्प बसणं जमेना.

इथं डोडो सगळीकडं आहे. मगवर, टॉवेलवर, पासपोर्टच्या शिक्क्यावरसुद्धा. फक्त रानात नाही. कोकणातून एकोणिसाव्या शतकात करारावर उसासाठी आलेल्या मराठी लोकांचे वंशज भेटतात, गणेश चतुर्थीला इथं सरकारी सुट्टी असते, समुद्रावर विसर्जन. आमच्या शहापूरची आठवण येते. घरी क्रियोल बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात, ती ऐकताना टिळकवाडीकरांचं बेट आठवलं.

एक वाचलेलं सांगतो. इथं तांबालाकोक नावाचं झाड आहे. त्याची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नव्हती, म्हणून डोडो गेल्यावर एकही नवं झाड आलं नाही. सगळी झाडं तीनशे वर्षांची. मला ही गोष्ट फार आवडते.

---

मास्तरीण_निपाणी | मंगळवार, सकाळी ७:३०

मलाही आवडायची! पण ती खरी नाही (पुण्याचं "खरी", बेळगावचं नव्हे). १९७७ साली एका शास्त्रज्ञानं ती कल्पना मांडली, पुस्तकांतून जगभर गेली. पुढे तीनशेपेक्षा कमी वयाची झाडं सापडली आणि पक्ष्याच्या पोटातून न जाता बी रुजतं हेही दिसलं. झाड दुर्मिळ आहे ते माकडं, डुकरं, परकी झुडपं यांच्यामुळे. गोष्ट सुंदर असली की आपण तपासत नाही.

---

पोर्टलुई_मुक्काम | मंगळवार, सकाळी ७:५२

अरेरे. मी ती गोष्ट कितीतरी पाहुण्यांना सांगितलीय.

बरं, मग डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. किनाऱ्याजवळ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे. तिथली मूळची मोठी कासवं माणसानं खाऊन संपवली. मग २०००पासून त्यांच्या जागी अल्दाब्राची मोठी कासवं आणून सोडली. ती तिथल्या काळ्या लाकडाच्या एबनीची फळं खातात, बी शेणातून पडतं, रोपं उगवतात. नुसती चालती-फिरती माळीण! म्हणजे सुभेदारकाका, बदली चालते की. हरियाणाला हसू नका. आणि इथला ससाणा १९७४ला रानात चार उरला होता, चार! आता शेकड्यांत आहे.

---

सुभेदार_जांबोटी | मंगळवार, दुपारी १२:१०

हे बरं सांगितलंत. यावर सकाळभर विचार करत बांध घातला.

तुमच्याकडं बदली कुणी केली? काम तिथंच होतं, कामगार मेला होता. काम करणारा दुसरा आणला, आणि तोही सतराशेक किलोमीटरवरचा, त्याच धंद्यातला. हरियाणात काय करतात? कामगार इथं मारतात, कामाची जागा मोडतात आणि दुसऱ्या गावात दुसऱ्याच कामाची पाटी लावतात. आमच्या पलटणीत याला बदली म्हणत नाहीत. रजिस्टरमध्ये आकडा जुळवणं म्हणतात.

खरं एक मान्य करतो. चार ससाणे उरले तरी परत येतं हे मला माहीत नव्हतं. मी धरूनच चाललो होतो की गेलं ते गेलं.

---

कुंदाप्रेमी | मंगळवार, दुपारी १२:४५

काका, आता कळलं. झाड म्हणजे झाड नाही. आमच्या गल्लीत रस्ता रुंद करताना जुना वड पाडला, बदल्यात डिव्हायडरमध्ये कण्हेर लावली. एकाला दहा. हिशेबात आम्ही नऊ झाडं फायद्यात आहोत.

---

नंदगडची_पोर | मंगळवार, दुपारी ३:२०

मी भीमगडाजवळच्या वाडीतली आहे, एक विचारू का? सगळे देवगांडूळ नि वटवाघूळ म्हणताय. आमच्या भागात माणसांना पैसे घेऊन जंगलाबाहेर या म्हणतात, तळेवाडीचं सुरूच आहे. पावसाळ्यात रस्ता नाही, आजारी माणूस खाटेवर घालून आणतात, त्यामुळे काही घरांना जायचंच आहे. माझ्या आजीला नाही जायचं. तिला कुठल्या कोंडीला कधी मासा चढतो ते माहीत आहे. ती पण त्या बेटावरचीच झाली ना? तिला कुठल्या हरियाणात लावणार?

---

चोर्ला_घाट | मंगळवार, दुपारी ४:०५

याला माझ्याकडं उत्तर नाही, ताई. आजींना भेटायला येऊ का? माशांचं विचारायचं आहे. कोणते मासे, कुठल्या ओढ्यात, कुठल्या नक्षत्राला. खरंच लिहून ठेवलं पाहिजे, कालव्याच्या आधी.

---

नंदगडची_पोर | मंगळवार, दुपारी ४:११

या की. येताना विड्याची पानं आणा, नाहीतर ती बोलत नाही.

---

सुभेदार_जांबोटी | गुरुवार, सकाळी ६:५५

रात्री जोराचा पाऊस झाला. पहाटे दूध घालायला चोर्ला रोडनं गेलो होतो. वळणावर टॉर्चच्या उजेडात रस्त्यावर काहीतरी वळवळताना दिसलं. गाडी थांबवली. वीतभर लांब, जांभळट काळं, अंगावर कडीच कडी. साप म्हणावा तर खवले नाहीत, गांडूळ म्हणावं तर तोंडाशी जबडा. पन्नास वर्षं या रस्त्यावर आहे, किती वेळा "गांडूळ" म्हणून चाक घातलं असेल कोण जाणे.

काठीनं उचलून ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला सोडलं. पुढं शंभर पावलांवर अजून दोन होती, ती चिरडलेली.

---

मास्तरीण_निपाणी | गुरुवार, सकाळी ७:०२

फोटो काढलात का? अंगावरची कडी मोजता येतील असा? डोक्याकडचा जवळून?

---

सुभेदार_जांबोटी | गुरुवार, सकाळी ७:२०

काढलाय. खरं इथं लागत नाही, साइझ मोठी म्हणतोय. पोरगं उठलं की बारीक करून टाकतो.